मजुरी वाटणारे आणि हिशेब लिहिणारे

समितीच्या यंदाच्या वृत्तान्तास व विनंतिपत्रास जोडून एका विषयाचे निवेदन मी करावे, अशी इच्छा कार्यकारी मंडळाने प्रदर्शित केली आहे. विषय दिसण्यात रुक्ष आहे. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बायांचे किंवा छावणीत बांधलेल्या गुरांचे वर्णन वाचून अंतःकरण जसे द्रवते, तसे हजेरीपटाचे व रोजकीर्दीचे वर्णन वाचून द्रवणार नाही, हे मी जाणून आहे. तथापि या विषयाकडे झालेले दुर्लक्ष आमच्या कार्यास प्रत्यक्ष बाधक होऊ लागले असल्यामुळे वाचकांनी थोडा धीर धरून पुढील मजकूर वाचावा, अशी प्रार्थना आहे.

प्रसंग असा की, समितीस देणगी पाठविणाऱ्या कित्येक उदार गृहस्थांनी व भगिनींनी आपल्या पत्रात एक अट घातली आहे. आपण दिलेल्या रकमेतील पै न् पै दुष्काळग्रस्तांच्या हाती पडावी. कारकून, हिशेबनीस, तपासनीस यांच्या वेतनात तिचा कोणताही अंश जाऊ नये, अशी ती अट आहे. अटीमागील हेतू निर्मळ आहे याविषयी आम्हांस शंका नाही, आणि समितीने आजवर ती अक्षरशः पाळली. विहिरींचा गाळ काढण्याच्या व नालाबांधांच्या आमच्या कामांवर हजेरी स्वयंसेवकांनी घेतली, मजुरी स्वयंसेवकांनी वाटली आणि हिशेबही स्वयंसेवकांनीच फावल्या वेळात लिहिला. त्याचा परिणाम काय झाला हे पुढे सांगावयाचे आहे, आणि त्यावरून ती अट काहीशी शिथिल करण्याची विनंती करावयाची आहे.

मजुरी हेच अन्न

दुष्काळ म्हणजे मुलखात धान्य नसणे, अशी सामान्य समजूत आहे. रस्ते व आगगाडी नव्हती तेव्हा ती पुष्कळ अंशी खरी असेल. परंतु दळणवळण वाढल्यापासून धान्य पैशाच्या मागे जाते. ज्या गावी पाऊस पडत नाही तेथे प्रथम बुडते ती शेतावरची मजुरी. पेरणी नाही, खुरपणी नाही, काढणी नाही. मग ज्याचे पोट रोजच्या कामावर, त्याच्या हाती बाजाराच्या दिवशी काहीच नसते. वाण्याच्या दुकानात ज्वारीची पोती असतात, पण ती त्याच्यासाठी नसतात. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ कमिशनने १८८० साली ही गोष्ट ओळखली होती, आणि अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. धान्य घेण्याचे साधन हातचे गेले म्हणजे भरल्या बाजारातही माणसे उपाशी मरतात, हा त्याचा मथितार्थ होय. म्हणूनच कामे काढून मजुरी देणे हा दुष्काळनिवारणाचा मुख्य उपाय ठरला, १८८३ च्या दुष्काळ-संहितेत त्याचे नियम घातले गेले, आणि राज्यकर्ते बदलले तरी तो उपाय टिकून राहिला.

हे मान्य केले म्हणजे पुढची गोष्ट आपोआप प्राप्त होते. दुष्काळी कामाचे खरे फळ रस्ता किंवा बांध एवढेच नसते. बाजाराच्या दिवसापूर्वी मजुराच्या हातात पडलेली मजुरी हे त्याचे पहिले फळ होय. काम मंजूर झाले, आखणी उत्तम झाली, माती भरपूर पडली, आणि मजुरी मात्र वेळेवर पोचली नाही, तर त्या घरी त्या आठवड्यात चूल पेटत नाही. ज्याच्या हातून मजुरी दिली जाते व ज्याच्या लेखणीवर ती अवलंबून असते, तो मनुष्य अन्नछत्रातील वाढप्याच्या जागी आहे. वाढपी वेळेवर आला नाही तर कोठीत धान्य कितीही असो, पंगत उपाशीच उठते.

चार कामे, चार हात

मजुरी मजुराच्या हाती पडेपर्यंत चार कामे व्हावी लागतात. पहिले हजेरीचे. कोण कामावर आले, कोण अर्ध्या दिवसाने गेले, हे त्या त्या वेळी व त्या त्या जागी पटावर लिहिले पाहिजे. दुसरे मापाचे. मातीकाम मापावर असते; खणलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली घेऊन किती काम झाले हे ठरते. तिसरे हिशेबाचे. मापास दराने गुणून टोळीची मजुरी काढावयाची व हजेरीप्रमाणे ती प्रत्येकास वाटून द्यावयाची. चौथे प्रत्यक्ष वाटपाचे. या चारही कामांवर नजर ठेवणारी तपासणी ही पाचवी गोष्ट.

यातील प्रत्येक ठिकाणी लहानशी चूक किंवा लहानशी लबाडी काय करते, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, बारा मजुरांच्या एका टोळीने दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व साठ सेंटिमीटर खोल असा खड्डा खणला. काम तीस घनमीटर झाले. माप घेणाऱ्याने उन्हाच्या त्रासाने म्हणा किंवा अन्य कारणाने म्हणा, एकाच उथळ जागी फूटपट्टी लावली व खोली पन्नास सेंटिमीटर लिहिली. काम पंचवीस घनमीटर ठरले. एक षष्ठांश मजुरी गेली. म्हणजे बारांपैकी दोन माणसे दिवसभर खपली ती फुकट. पुढच्या पावसाने किंवा पुढच्या भरावाने खड्डा बुजला, की ती तक्रार सिद्ध करण्याचे साधनही राहत नाही. खड्ड्यात मापासाठी मातीचा उभा खांब राखून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तिचे कारण हेच.

आता दुसरी बाजू पाहू. त्याच टोळीच्या पटावर कोणी दोन खोटी नावे घातली. सामान्य समजूत अशी की, खोट्या नावाने फसवणूक होते ती सरकारची किंवा देणगीदारांची. रोजंदारीवर ते खरे आहे. परंतु जेथे टोळीच्या एकूण कामाची मजुरी माणशी वाटली जाते, तेथे तिजोरीतून जाणारी रक्कम तेवढीच राहते व तिचे बाराऐवजी चौदा वाटे पडतात. प्रत्येक खऱ्या मजुराच्या ताटातील सातवा हिस्सा त्या खोट्या नावांनी उचललेला असतो. म्हणजे हजेरीपट हा केवळ मालकाच्या सोयीचा कागद नाही. तो मजुराचा हक्कलेख आहे. ज्यास तो वाचता येत नाही त्याच्यासाठी तर तो अधिकच जपला पाहिजे.

या उदाहरणांवरून एक नियम निघतो. ही चार कामे शक्य तो चार निराळ्या हातांत असावीत. जो हजेरी घेतो त्यानेच पैसे वाटले, जो माप घेतो त्यानेच हिशेब तपासला, तर एकाची चूक दुसऱ्यास दिसावयाची नाही. मनुष्य प्रामाणिक असला म्हणून हा नियम अनावश्यक होत नाही. प्रामाणिक मनुष्यासही आपली स्वतःची चूक दिसत नाही.

मागील अनुभव काय सांगतो

आपल्याकडील दुष्काळांच्या इतिहासात मजुरी व हिशेब यांवरून जेवढे तंटे झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावरून झाले असतील. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने मदत केली व मनुष्यहानी बव्हंशी टळली. परंतु खर्च फार केला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पुढे १८७७ च्या आरंभी तेच गृहस्थ मुंबई व मद्रास इलाख्यांतील दुष्काळाची पाहणी करण्यास आले, तेव्हा मजुरीत काटकसर करण्याकडे त्यांचा कल झाला. एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्याची किंमत व वर अगदी थोडे पैसे एवढी मजुरी कष्ट करणाऱ्या मनुष्यास पुरेशी आहे, असे त्यांचे मत होते. मद्रास इलाख्याचे आरोग्य-कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर काम करणारी शरीरे टिकणार नाहीत असे निक्षून सांगितले. मुंबई इलाख्यात मजुरी कमी होताच हजारो मजूर कामे सोडून गेले. आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, जिची स्थापना गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० साली केली होती, गावोगावची माहिती मिळवून त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

या प्रकरणातील धडा माझ्या मते हिशेबाच्या रकान्यांविषयी आहे. बिहारच्या हिशेबात खर्च झालेल्या रुपयांचा रकाना होता. वाचलेल्या जिवांचा नव्हता. म्हणून खर्च हा दोष ठरला, आणि तो दोष टाळण्याच्या भरात पुढच्या वेळी माणसांच्या पोटास चिमटा बसला. हिशेबनीस जे लिहितो तेच वरिष्ठांस दिसते. कामावर किती माणसे नवी आली, किती अचानक येईनाशी झाली, बाजारात ज्वारी-बाजरीचा निरख काय आहे, हे त्याने लिहिले नाही, तर मजुरी अपुरी पडत असल्याचे वर कळण्याचा मार्गच नाही. पुढील दुष्काळ-संहितांत मजुरीचे मान धान्याच्या निरखाशी जोडले गेले. तेव्हापासून बाजारभाव अचूक टिपणे हे हिशेब ठेवणाऱ्याच्या कर्तव्याचाच भाग झाले.

दुसरा धडा १८९६-९७ चा. त्या वेळेपर्यंत संहिता छापून तयार होती. परंतु तिच्यात आपणांस काय दिले आहे हे ज्याच्यासाठी ती केली त्यास ठाऊक नव्हते. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक सभेच्या प्रचारकांनी खेड्यापाड्यांत जाऊन तिचे नियम लोकांस समजावून सांगितले. सरकारचाच नियम सरकारच्या प्रजेस सांगणे हा वस्तुतः अपराध होऊ शकत नाही. तरी १८९७ साली मुंबई सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. कायद्याचा व्यवसाय करणारा म्हणून मला हे उदाहरण नेहमी आठवते. ज्या नियमाची प्रत कचेरीच्या कपाटात आहे आणि ज्याची वार्ता कामावर नाही, तो नियम मजुरापुरता नसल्यासारखाच होय.

तिसरा धडा १८९९-१९०० चा. त्या घोर दुष्काळात मुंबई इलाख्यात नेमून दिलेले काम पुरे न करणाऱ्यांस दंडादाखल किमान मानाहूनही कमी मजुरी देण्यात आली. कागदावर या नियमात आळशास शिक्षा होती. परंतु कामावर आलेले लोक आधीच खंगलेले. त्यांच्याकडून माप भरेना, म्हणून मजुरी घटली. मजुरी घटली म्हणून अंगातील शक्ती आणखी घटली, आणि दुसऱ्या दिवशी माप आणखी कमी भरले. सर अँटनी मॅक्डॉनेल यांच्या कमिशनने १९०१ साली या दंडाच्या मजुरीवर टीका केली. हिशेबनिसाची बेरीज-वजाबाकी बरोबर असूनही परिणाम क्रूर होऊ शकतो, तो असा.

स्वराज्यातील अनुभव

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची व बांधबंदिस्तीची कामे एवढ्या मोठ्या प्रमाणावर निघाली की, मे १९७३ मध्ये कामांवरील मजुरांची संख्या सुमारे पन्नास लाखांवर गेली होती. पिके सर्वत्र गेली असताही मोठा नरसंहार टळला, याचे मुख्य श्रेय या कामांस आहे. मजुरी थकल्याच्या तक्रारी तेव्हाही वारंवार झाल्या, आणि त्यात नवल नाही. पन्नास लाख माणसांची हजेरी, मापे, वाटण्या व चुकारे यांचा व्याप डोळ्यांपुढे आणला, म्हणजे त्या वर्षी नावारूपास न आलेल्या कारकुनांनी व मुकादमांनी किती भार वाहिला याची कल्पना येते. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर आली व तिला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले.

न्यायालयाचा एक निर्णय येथे अवश्य सांगितला पाहिजे. राजस्थानात दुष्काळी कामांवरील मजुरांस कामगार कायद्यांतून वगळणारा अधिनियम १९६४ पासून होता. एका रस्त्याच्या कामावर दर पंधरवड्यास टोळीचे माप घेऊन मजुरी सारखी वाटली जाई, आणि तेव्हाचा किमान दर दररोज सात रुपये असता मजुरांच्या हाती त्याहून कमी पडे. संजित रॉय यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. १९८३ साली न्या. भगवती यांनी निर्णय दिला की, किमान वेतनाहून कमी वेतनावर काम करून घेणे म्हणजे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम होत, न्या. पाठक यांनी समतेच्या १४ व्या अनुच्छेदाच्या आधारे मजुरांच्याच बाजूने निर्णय दिला. दुष्काळी काम ही सरकारने केलेली भिक्षा आहे, तेव्हा मिळेल ते घ्यावे, ही भाषा त्या दिवसापासून कायद्यात उरली नाही. आमच्यासारख्या खाजगी समित्यांनीही ती मनातून काढून टाकली पाहिजे.

त्यानंतर राजस्थानातच मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव सभा भरवून हजेरीपट मोठ्याने वाचून दाखविण्याचा उपक्रम केला. पट वाचू लागताच त्यात मृतांची नावे, परगावी गेलेल्यांची नावे व कधीच कामावर न गेलेल्यांची नावे निघू लागली. माहितीच्या अधिकाराची चळवळ या वाचनांतून वाढली व २००५ साली तो अधिकार देशभर कायद्याने मिळाला. त्याच वर्षीच्या ग्रामीण रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने मजुरी दर आठवड्यास, निदान काम झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, द्यावी असे बंधन घातले होते, आणि ग्रामसभेने हिशेब तपासण्याची तरतूद केली होती. काही वर्षांतच रोख वाटप बहुतेक ठिकाणी जाऊन मजुरी बँकेत व टपाल कचेरीत जमा होऊ लागली. काम करवून घेणारा व पैसे देणारा हे हात निराळे झाले, ही सुधारणा खरी.

परंतु जुनी अडचण गेली तेथे नवी उभी राहिली. मुकादम पैसे देत नव्हता तेव्हा निदान मुकादम समोर दिसत होता. आता हजेरीपट तालुक्यास अडला, की पैसे दिल्लीहून निघाले नाहीत, की खात्याचा क्रमांक चुकला, हे मजुरास कळण्याची सोय राहिली नाही. मजुरी थकल्यास सोळाव्या दिवसापासून दररोज थकलेल्या रकमेच्या ०.०५ टक्के भरपाई देण्याचा नियम झाला होता. वाचकांनी गणित करून पाहावे: हजार रुपये त्या मुदतीपुढे महिनाभर थकले तर भरपाई पंधरा रुपये. तेवढ्यात तो मजूर उधारीवर जे धान्य घेतो, त्याच्या वाढीव भावातच त्याहून अधिक रक्कम जाते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेत स्पष्ट सांगितले की, पंधरा दिवसांत मजुरी मिळणे हा मजुराचा हक्क आहे. उशीर राज्याच्या कचेरीत झाला की केंद्राच्या, याच्याशी त्यास कर्तव्य नाही. पुढे जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली आणि जानेवारी २०२४ पासून मजुरी आधार-जोडणीच्या मार्गाने देण्याचा नियम झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. कायद्याचे नाव बदलो वा यंत्र बदलो, हजेरी, माप, हिशेब व वाटप ही चार कामे बदलत नाहीत. यंत्रात नाव चुकले तर ते दुरुस्त करावयास मनुष्यच लागतो, आणि तो मनुष्य मजुराच्या आटोक्यात असावा लागतो.

आमची स्वतःची चूक

येथवर दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता आमची सांगतो. ती लपवून देणगी मागणे योग्य होणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात समितीच्या एका विहिरीच्या कामावर एकाच नावाच्या दोन स्त्रिया एकाच टोळीत होत्या. हजेरी घेणारे स्वयंसेवक सज्जन होते. परंतु दिवसा त्यांस आपला उद्योग असल्यामुळे पट ते संध्याकाळी घरी बसून, आठवणीने भरीत. दोन नावे एकच समजून त्यांनी एक गाळले. हिशेब लिहिणाऱ्याने पटावर आहे तेवढे लिहिले. पैसे वाटणाऱ्याने यादीत नाव नाही म्हणून दुसऱ्या बाईस परत पाठविले. प्रत्येकजण आपापल्या कागदापुरता बरोबर होता. तिने दोन आठवडे काम केले, दुकानातून ज्वारी उधार आणली, आणि तिसऱ्या आठवड्यात दुकानदाराने हात आखडता घेतल्यावर ती कामावर येईनाशी झाली. ती का येत नाही, याची चौकशी करणे हे आमच्यापैकी कोणाचेच नेमलेले काम नव्हते. पुढे तिच्या शेजारणीने विहिरीच्या काठावरच एका सभासदास गाठून विचारले, ‘‘दादा, तिनं काय गुन्हा केला हो?’’ तेव्हा प्रकार उघडकीस आला. मजुरी चुकती करण्यात आली व दुकानदाराची बाकी समितीने दिली. परंतु त्या मधल्या दिवसांत तिच्या दोन मुलांनी काय खाल्ले, याचा हिशेब आमच्या कोणत्याही वहीत नाही.

त्या पटाच्या तळाशी ‘तपासून बरोबर आढळला’ असा शेरा आहे, आणि त्याखालील सही माझी आहे. मी बेरजा तपासल्या होत्या. त्या बरोबर होत्या. ज्यांची ती नावे, त्या माणसांस मी पाहिले नव्हते.

समितीने ठरविलेले नियम

या प्रकारानंतर कार्यकारी मंडळाने पुढील नियम केले आहेत व ते प्रत्येक कामावर मोठ्या अक्षरात लावले आहेत.

पहिला, हजेरी कामाच्या जागीच, सकाळी व दुपारी, मजुरांदेखत घ्यावी. एका नावाची दोन माणसे असल्यास वडिलांचे किंवा पतीचे नाव व घराची खूण लिहावी.

दुसरा, माप टोळीतील निदान दोन मजुरांसमोर घ्यावे, त्यांपैकी एक स्त्री असावी, आणि निघालेला आकडा तेथल्या तेथे उच्चारून सांगावा.

तिसरा, वाटपापूर्वी सर्व पट मोठ्याने वाचावा. ज्यास आपले नाव ऐकू आले नाही त्याने तेथेच सांगावे, आणि ते तपासल्यावाचून वाटप सुरू करू नये.

चौथा, मजुरी आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी द्यावी. रोख देणे झाल्यास सुटे पैसे बरोबर न्यावेत. दोघांतिघांची मजुरी एका मोठ्या नोटेत देऊन त्यांस ती मोडण्यासाठी दुकानदाराच्या दारी धाडू नये.

पाचवा, अंगठा घेण्यापूर्वी रक्कम सांगावी व मजुराच्या हातातील कार्डावर लिहून द्यावी. कोऱ्या पटावर अंगठा घेणाऱ्याचा समितीशी संबंध त्याच दिवशी संपेल.

सहावा, लागोपाठ दोन दिवस गैरहजर राहिलेल्या मजुराच्या घरी चौकशीस जावे व कारण पटावर लिहावे. हा रकाना आमच्या जुन्या पटावर नव्हता.

सातवा, सरकारी कामांवरील ज्या मजुरांचे पैसे थकले असतील, त्यांचे अर्ज लिहून देणे, बँकेतील खाते तपासून देणे व पोच घेणे हे काम समितीच्या हिशेबनिसाने आठवड्यातून एक दिवस विनामूल्य करावे.

हे स्वयंसेवकांकडून होणार नाही काय

असा प्रश्न काही सभासदांनीच विचारला, आणि तो रास्त आहे. स्वयंसेवकांविषयी आमचा आदर कमी झालेला नाही; त्यांच्यावाचून समिती एक दिवस चालणार नाही. परंतु हजेरी दररोज सकाळी सात वाजता असते, तेव्हा ज्यास शाळा, दुकान किंवा कचेरी आहे तो मनुष्य ती रोज घेऊ शकत नाही. एक दिवस चुकला तर पट आठवणीने भरावा लागतो, आणि आठवणीने भरलेल्या पटाने काय केले ते वर सांगितले आहे. शिवाय वेतन घेणाऱ्या मनुष्यास जाब विचारता येतो. उपकार म्हणून काम करणाऱ्यास विचारताना जीभ अडखळते. स्वयंसेवकांनी वाटपाच्या दिवशी पंच म्हणून बसावे, पट वाचावा, गैरहजर राहिलेल्यांच्या घरी जावे. लेखणी मात्र नेमलेल्या, शिकलेल्या व जबाबदार माणसाच्या हाती असावी. असा मनुष्य शक्य तो दुष्काळी गावातीलच शिकलेली मुलगी किंवा मुलगा असावा, म्हणजे त्याचे वेतनही दुष्काळग्रस्त घरीच जाईल.

कोणी म्हणेल, तेवढे पैसे मजुरीत घातले तर आणखी काही माणसांस काम मिळेल. वरवर पाहता हे खरे आहे. परंतु चुकीच्या मापाने सहावा हिस्सा व खोट्या नावांनी सातवा हिस्सा कसा जातो, हे आपण पाहिले. एवढी गळती ज्याने थांबते त्याच्यावर केलेला खर्च मजुरीतून वजा झालेला नसतो. तो मजुरीचे रक्षण करीत असतो. विहिरीतून पाणी काढताना पोहऱ्यावर पैसे घालण्यापूर्वी कासरा तपासावा लागतो.

विनंती

सबब समितीची देणगीदारांस सविनय विनंती अशी. आपल्या देणगीतील शंभर रुपयांपैकी सहा रुपयांपर्यंत रक्कम हजेरी, माप, हिशेब व तपासणी यांकडे खर्च करण्याची परवानगी आपण आम्हांस लेखी द्यावी. ही रक्कम जमाखर्चात निराळ्या सदराखाली दाखविली जाईल व पुढील वृत्तान्तात पैचापै छापली जाईल. ज्यांस ही परवानगी देणे मान्य नसेल त्यांची देणगी पूर्वीप्रमाणेच केवळ मजुरीकडे लावली जाईल. त्याविषयी आमच्या मनात किंतु राहणार नाही.

दुसरी विनंती द्रव्याची नाही. बँकांतून, शाळांतून, टपाल कचेऱ्यांतून निवृत्त झालेली पुष्कळ मंडळी आपल्या जिल्ह्यात आहेत. आकड्यांवर त्यांचा हात बसलेला आहे. त्यांनी महिन्यातून दोन वाटपांच्या दिवशी आमच्या कामांवर यावे, पट आपल्या तोंडाने वाचावा, आणि ज्याचे नाव वाचले त्या माणसाकडे मान वर करून पाहावे. आमच्या तपासणीत हीच एक गोष्ट कमी पडली होती.

ज्या बाईचे नाव पटावरून गळले होते ती आता समितीच्या नालाबांधाच्या कामावर आहे. दर आठवड्यास पट वाचून झाला म्हणजे ती आपले कार्ड पुढे करते व रक्कम दोनदा विचारून घेते. तिने तसे विचारावे, आणि आम्ही दोन्ही वेळा सांगावे, हेच योग्य आहे.